हरकती, सूचना आणि लेखणी : घटनाबदलातील लोकसहभागाची तपासणी

'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे वाक्य मराठी माणसाला नवीन नाही. शहराचा विकास आराखडा असो, प्रभागरचना असो की एखाद्या रस्त्याचे रुंदीकरण. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात जाहीर सूचना येते, मुदत दिलेली असते, त्या मुदतीत अर्ज येतात, सुनावणी होते आणि पुढे काय झाले ते अर्जदाराला बहुधा कळत नाही. कळलेच तर एवढेच कळते, की त्याच्या हरकतीची 'नोंद घेण्यात आली आहे'. नोंद घेणे आणि दखल घेणे या दोन क्रियापदांत आपल्या भाषेने जो फरक केला आहे, तो राज्यशास्त्राच्या पुष्कळ परिभाषेपेक्षा नेमका आहे. नोंद ही लिपिकाने घ्यायची असते. दखल घेणाऱ्याला आपला मजकूर बदलावा लागतो.

गेल्या पंधरा वर्षांत जगात अनेक ठिकाणी राज्यघटना लिहिण्याच्या कामात सामान्य नागरिकांना सामील करून घेण्याचे प्रयोग झाले. त्यांतल्या तिघांविषयी, म्हणजे आइसलंड, चिली आणि आयर्लंड यांविषयी, इतके लिहिले गेले आहे की त्यांची जवळजवळ पुराणे झाली आहेत. आइसलंडचे पुराण 'लोकांनी फेसबुकवर लिहिलेली घटना' असे आहे, चिलीचे 'हुकूमशहाची घटना पुसायला निघालेली जनता' असे, आणि आयर्लंडचे 'सोडतीतून निवडलेल्या नव्व्याण्णव शहाण्या माणसांचे'. या पुराणांकडे नोंद आणि दखल या जुन्या कसोटीने पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत 'घटना बदलणार' आणि 'घटना वाचवणार' या दोन घोषणांनी महाराष्ट्र ढवळून निघाला. पण घटना बदलण्याच्या प्रक्रियेत मतदाराची स्वतःची जागा कोणती, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला नाही. म्हणून परक्या देशांचे हे प्रयोग आपल्याला वाटतात तितके परके नाहीत.

आइसलंडपासून सुरुवात करू. सव्वातीन लाखांच्या आसपास लोकवस्तीचा हा देश २००८ च्या ऑक्टोबरात कोसळला. त्याच्या तीन मोठ्या बँका काही दिवसांच्या आत बुडाल्या. त्या हिवाळ्यात रेकयाविकच्या संसदेसमोर लोक भांडी बडवत उभे राहिले आणि सरकार गेले. बँकांच्या दिवाळखोरीचा घटनेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की १९४४ साली डेन्मार्कपासून वेगळे होऊन प्रजासत्ताक झालेल्या आइसलंडने घाईघाईत जी घटना स्वीकारली, ती मुख्यतः जुनीच होती. राजाच्या जागी राष्ट्राध्यक्ष आला इतकेच. आपली घटना आपण कधी लिहिलीच नाही ही खंत साठ-पासष्ट वर्षे पडून होती. बँका बुडाल्यावर ती वर आली.

६ नोव्हेंबर २०१० रोजी सोडतीने निवडलेल्या सुमारे साडेनऊशे नागरिकांनी एक दिवस बसून नव्या घटनेत काय असावे याची चर्चा केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पंचवीस जणांच्या घटना सभेची निवडणूक झाली. उमेदवार पाचशेहून अधिक होते, मतदान मात्र सदतीस टक्क्यांच्याही आत राहिले. मग सर्वोच्च न्यायालयाने ही निवडणूकच रद्द ठरवली. कारणे वाचून हसावे की रडावे कळत नाही: मतपत्रिकांवर क्रमांक होते, मतदानकक्षांचे आडोसे पुठ्ठ्याचे होते, असल्या त्रुटी. संसदेने त्यावर तोड काढली आणि निवडून आलेल्यांचीच 'घटना परिषद' म्हणून नेमणूक केली. एकाने नकार दिला, त्याच्या जागी पुढची व्यक्ती आली. म्हणजे लोकांनी निवडलेली सभा कायद्याच्या दृष्टीने संसदेने नेमलेली समिती झाली. ही गोष्ट त्या वेळी तांत्रिक वाटली. दोन वर्षांनी ती तांत्रिक राहिली नाही.

परिषदेने २०११ च्या एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत ११४ कलमांचा मसुदा तयार केला आणि पंचवीसच्या पंचवीस सदस्यांनी त्याला संमती दिली. काम चालू असताना मसुद्याचे तुकडे वेळोवेळी लोकांसमोर ठेवले जात. त्यावर सुमारे ३,६०० शेरे आणि ३७० च्या आसपास रीतसर सूचना आल्या. 'फेसबुकवरची घटना' ही दंतकथा इथे जन्मली. वस्तुतः लेखणी सर्व काळ त्या पंचवीस जणांच्याच हाती होती. अलेक्झांडर हडसन या अभ्यासकाने आलेल्या सूचना आणि मसुद्याच्या पुढच्या आवृत्त्या शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा त्याला आढळले की दहा टक्क्यांच्या जरा आत सूचनांमुळे मजकुरात काही बदल झाला. हा आकडा काहींना निराशाजनक वाटला. मला तो उलट बराच मोठा वाटतो. दहा सूचनांतली एक मजकुरात उतरणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी आराखड्यावर हरकत नोंदवली आहे त्याला सांगायला नको.

हडसनच्या पुढच्या ग्रंथाचे, २०२१ च्या 'द व्हेल ऑफ पार्टिसिपेशन'चे, प्रतिपादन याहून कठोर आहे. ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि आइसलंड यांची तुलना करून तो म्हणतो की लोकांच्या सूचना मजकुरात उतरतात की नाही हे लोकांच्या उत्साहावर अवलंबून नसते, राजकीय पक्षांच्या बळावर असते. पक्ष बळकट असले की सहभाग हा पडदा ठरतो. दक्षिण आफ्रिकेत १९९४ ते १९९६ या काळात सह्यांची निवेदने धरून वीस लाखांच्या घरात निवेदने आली. त्या काळातल्या वातावरणाचे वर्णन आजही भारावून केले जाते, आणि ते भारावणे खोटे नव्हते. पण मजकूर ठरला तो मुख्यतः आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि नॅशनल पार्टी यांच्या वाटाघाटींत. आइसलंडच्या परिषदेत पक्षच नव्हते, म्हणून लोकांचे ऐकले गेले.

हे प्रतिपादन पटण्याजोगे आहे, पण त्याची दुसरी बाजू हडसनपेक्षा ठळकपणे मांडायला हवी. ज्या कारणाने आइसलंडच्या परिषदेला लोकांचे ऐकता आले, त्याच कारणाने तिचा मसुदा बुडाला. २० ऑक्टोबर २०१२ च्या सल्लादायी सार्वमतात सुमारे निम्म्या मतदारांनी मत दिले आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांनी हा मसुदा नव्या घटनेचा पाया म्हणून मान्य केला. नैसर्गिक संपत्ती राष्ट्राच्या मालकीची असावी, या प्रश्नाला तर त्र्याऐंशी टक्के होकार आला. मासेमारीच्या कोट्यांवर ज्या देशाचे अर्थकारण चालते, तिथे हे वाक्य म्हणजे प्रस्थापितांच्या ताटाला हात होता. पण घटना बदलायची तर एका संसदेने ठराव करायचा, मग निवडणूक व्हायची आणि नव्या संसदेने तोच ठराव पुन्हा करायचा, अशी तिथली पद्धत आहे. २०१३ च्या मार्चमध्ये संसदेचे अधिवेशन मसुदा मंजूर न करता संपले, एप्रिलच्या निवडणुकीत सत्ता बदलली आणि मसुदा फडताळात गेला. परिषदेत पक्ष नव्हते म्हणून संसदेत तिच्या मसुद्याला वाली नव्हता. एलेन लांदमोर यांच्यासारख्या विदुषी आइसलंडच्या प्रयोगात खुल्या लोकशाहीचे गुण पाहतात. ते गुण आहेतच. पण ज्या दाराने मसुद्याला बाहेर पडायचे होते, त्या दाराची किल्ली कोणाकडे हे आधी विचारले नाही तर गुणांचे वर्णन मृत्युलेखासारखे वाटू लागते.

आणखी एक बारकावा. मसुद्यात राष्ट्रीय चर्चची ठाम तरतूद नव्हती. सार्वमतात त्याविषयी वेगळा प्रश्न होता आणि सुमारे सत्तावन्न टक्के मतदारांनी अशी तरतूद हवी असे सांगितले. लिहिणारे नागरिक आणि मत देणारे नागरिक हे एकच 'लोक' नसतात, याची ती सौम्य सूचना होती. चिलीत ती सौम्य राहिली नाही.

चिलीची १९८० ची घटना पिनोचेच्या लष्करी राजवटीतली. लोकशाही परतल्यावर तिच्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, २००५ नंतर तिच्यावर पिनोचेची सहीही उरली नाही, पण खासगीकरण झालेले निवृत्तिवेतन, शिक्षण आणि पाणी यांची चौकट तिच्यातच आहे अशी भावना गेली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सान्तियागोच्या भुयारी रेल्वेचे भाडे तीस पेसोंनी वाढले आणि देश पेटला. प्रश्न तीस पेसोंचा नाही, तीस वर्षांचा आहे, असे लोक म्हणत होते. महिन्याभरात पक्षांना नव्या घटनेचा करार करावा लागला. २५ ऑक्टोबर २०२० च्या कौलात अठ्ठ्याहत्तर टक्के मते नव्या घटनेच्या बाजूने पडली. मे २०२१ मध्ये १५५ जणांचे अधिवेशन निवडून आले. स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राहील अशी व्यवस्था होती, सतरा जागा मूळनिवासी समाजांसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि मापुचे समाजातील भाषाशास्त्रज्ञ एलिसा लोंकोन पहिल्या अध्यक्ष झाल्या. घटना लिहिणाऱ्यांची इतकी वेगळी सभा जगाने क्वचितच पाहिली असेल.

सहभागाची यंत्रणाही कागदोपत्री उत्तम होती. देशाच्या किमान चार प्रांतांतून मिळून पंधरा हजार सह्या गोळा झाल्या, की नागरिकांचा प्रस्ताव अधिवेशनाला चर्चेला घ्यावाच लागे. असे अठ्ठ्याहत्तर प्रस्ताव हा उंबरठा ओलांडून आले. सह्या करणारे नागरिक दहा लाखांच्या जवळपास होते. आता या अठ्ठ्याहत्तरांपैकी सर्वाधिक सह्या कोणत्या प्रस्तावाला मिळाल्या? निवृत्तीसाठी कापून ठेवलेला पैसा ज्याचा त्याचा आहे, तो सरकारने घेऊ नये, अशा आशयाच्या प्रस्तावाला. साठ हजारांहून जास्त. 'माझ्या पैशाला हात लावू नका' हे त्याचे घोषवाक्य. अधिवेशनाने तो फेटाळला.

माझ्या मते चिलीच्या सगळ्या कहाणीत हा क्षण सर्वांत बोलका आहे, आणि या प्रयोगाविषयी ममत्वाने लिहिणारे नेमके इथेच घाईने पुढे सरकतात. फेटाळण्याला तात्त्विक कारणे होती. खासगी निवृत्तिवेतनाविरुद्धचा राग हे तर आंदोलनाचे एक मूळ होते. त्याच व्यवस्थेचे संरक्षण घटनेत कसे घालायचे? पण रस्त्यावर तुटपुंज्या निवृत्तिवेतनाविरुद्ध ओरडणारा माणूस आणि आपल्या खात्यात जमलेली रक्कम सांभाळू पाहणारा माणूस एकच असू शकतो, हे अधिवेशनाला दिसले नाही. सह्यांमागची भीती कुठल्या तरी शब्दांत मसुद्यात आली असती, तर पुढे तिचे जे झाले ते कदाचित झाले नसते. प्रस्तावाची नोंद झाली, दखल झाली नाही. मग वर्षभरात तीच भीती 'घरेही काढून घेणार' अशा अफवांवर स्वार होऊन परत आली. अफवा खोट्या होत्या. पण खोट्या अफवेलाही रुजायला ओली जमीन लागते.

अधिवेशनाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक कलमाला दोन-तृतीयांश बहुमत हवे, असा नियम होता. हेतू हा, की कोणत्याही बाजूला दुसरीशी बोलल्यावाचून चालू नये. निवडणुकीत उजव्या आघाडीला अवघ्या सदतीस जागा मिळाल्या, म्हणजे अडवून धरायला लागणाऱ्या एक-तृतीयांशाहून बऱ्याच कमी. त्यामुळे जो नियम बोलायला भाग पाडण्यासाठी केला होता, त्यानेच न बोलण्याची मुभा दिली. शिवाय एक सदस्य कर्करोगाशी झुंजणारा रुग्ण म्हणून लोकांपुढे आला होता. त्याचा आजार खोटा निघाला. एका माणसाच्या लबाडीवरून १५४ जणांना मोजणे अन्यायाचे आहे. लोकांनी मोजले.

४ जुलै २०२२ रोजी सादर झालेल्या मसुद्यात ३८८ कलमे होती. जगभरच्या वृत्तपत्रांनी या लांबीची थट्टा केली. ती थट्टा आपण भारतीयांनी करू नये. आपली मूळ घटना ३९५ कलमांची होती. दोष लांबीचा नाही, लांबीच्या कारणाचा आहे. आपल्या घटनेत कलमे वाढली ती पुष्कळशी प्रशासनाचा तपशील लिहून ठेवण्याच्या धोरणामुळे, आणि डॉ. आंबेडकरांनी त्याचे समर्थन उघडपणे केले होते. चिलीचा मसुदा वाचताना मात्र असे वाटत राहते, की प्रत्येक गटाला त्याचे एक एक कलम देऊन समाधान केले आहे. निसर्गाचे हक्क, अन्नाचा हक्क, देखभालीचा हक्क, खेळाचा हक्क. यांतला एकही हक्क क्षुल्लक नाही. पण एका हक्काचा दुसऱ्याशी झगडा झाला तर कोणी माघार घ्यायची, हे सांगण्याचे अवघड काम मसुदा वारंवार पुढे ढकलतो. भरपूर ऐकून घेतलेला, पण पुरेसा संपादित न झालेला मजकूर असेच त्याचे वर्णन करावे लागेल. दिवाळी अंकांच्या वाचकांना या प्रकारच्या मजकुराची ओळख करून द्यायला नको.

४ सप्टेंबर २०२२ ला मतदान सक्तीचे होते. एक कोटी तीस लाख लोकांनी मत दिले आणि त्यांतल्या बासष्ट टक्क्यांनी मसुदा नाकारला. एकाही प्रांतात तो मंजूर झाला नाही. मापुचे लोकांचा प्रदेश असलेल्या आराउकानियातही सुमारे तीन-चतुर्थांश मते नकाराची होती. अधिवेशन निवडताना मतदान ऐच्छिक होते आणि त्या वेळी मत देणारे पासष्ट लाखांच्या आसपास होते. म्हणजे मसुद्याचे भवितव्य ठरवणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचा तो लिहिणारे निवडण्याशी काहीच संबंध आला नव्हता. सहभागाचा जेवढा गाजावाजा झाला तो पहिल्या निम्म्यांचा. उरलेल्या निम्म्यांना कोणी मोजलेच नव्हते. ज्यांना सभेला येण्याची, सही करण्याची, निवेदन लिहिण्याची सवय नाही ते मत नसलेले लोक असतात, ही समजूत चळवळीतल्या माणसांची जुनी खोड आहे. आपल्याकडेही आहे. पुढच्या वर्षी तज्ज्ञांच्या मदतीने दुसरा मसुदा झाला, त्यात उजव्यांचे प्राबल्य होते, आणि १७ डिसेंबर २०२३ ला लोकांनी तोही सुमारे छप्पन टक्क्यांनी नाकारला. १९८० ची घटना, दुरुस्त्यांसह, जागच्या जागी आहे.

आयर्लंडची गोष्ट आपल्याकडे जास्त परिचित असायला हवी, कारण तिच्यात बेळगावात वाढलेली एक मुलगी आहे. दंतवैद्य सविता हलप्पनवार २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने वारली. तिचा गर्भ वाचण्याची शक्यता उरली नव्हती. गर्भपाताची तिची विनंती मात्र, गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून, मान्य झाली नाही. १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने न जन्मलेल्या जीवाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान ठरवला होता. घटनेतले एक वाक्य रुग्णशय्येपर्यंत कसे पोचते, याचे याहून भीषण उदाहरण सांगता येणार नाही.

२०१६ साली सोडतीने निवडलेले नव्व्याण्णव नागरिक आणि अध्यक्ष म्हणून न्यायमूर्ती मेरी लॅफॉय अशी नागरिक सभा बसली. या एका विषयाला तिने पाच शनिवार-रविवार दिले. वैद्यांचे, वकिलांचे, दोन्ही बाजूंच्या संघटनांचे म्हणणे ऐकले, सहा स्त्रियांचे अनुभव त्यांच्याच आवाजात ऐकले. बारा हजारांवर निवेदने आली. अखेरीस चौसष्ट टक्के सदस्यांनी, ठरावीक मुदतीपर्यंत कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी असे मत दिले. राजकारणी चकित झाले. ही सभा देशाच्या फार पुढे गेली अशी टीका झाली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने ६६.४ टक्के मते पडली. डब्लिनमध्ये सविताचे चित्र रंगवलेल्या भिंतीवर लोकांनी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

आयर्लंडला जे जमले ते आइसलंड-चिलीला का जमले नाही? सोडतीत निघालेली माणसे अधिक शहाणी होती म्हणून नव्हे. तिथे एका वेळी एकच प्रश्न होता, संपूर्ण घटना नव्हती. १९३७ च्या घटनेप्रमाणे प्रत्येक दुरुस्ती सार्वमताला न्यावीच लागते, त्यामुळे शेवटचा शब्द कोणाचा याविषयी वाद नव्हता. त्याआधीच्या, २०१२ ते २०१४ च्या परिषदेत तर सहासष्ट नागरिकांबरोबर तेहतीस राजकारणी बसले होते. समलिंगी विवाहाचा प्रस्ताव तिथून निघाला आणि मे २०१५ मध्ये बासष्ट टक्क्यांनी मंजूर झाला. ज्यांना पुढे संसदेत हात वर करायचे होते, ते आधीपासून खोलीत होते. जॉन एल्स्टर घटनानिर्मितीच्या प्रक्रियेला वाळूच्या घड्याळाची उपमा देतात: वर आणि खाली रुंद, मध्ये अरुंद. सुरुवातीला सर्वांचे ऐकावे, शेवटी सर्वांना विचारावे, मधले लिहिण्याचे काम थोड्यांनी, गाजावाजा न करता करावे. आयर्लंडचे घड्याळ या आकाराचे होते. पण या उपमेत एक धोका आहे. अरुंद मानेतून खाली काय आले, ते वर जे होते तेच आहे का, हे कोण पाहणार?

हा धोका आयर्लंडमध्येच २०२४ साली दिसला. कौतुक करणारे २०१८ वर थांबतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो. १९३७ च्या घटनेच्या ४१ व्या कलमात स्त्रीच्या घरातील जीवनाचा आणि मातांच्या घरातील कर्तव्यांचा उल्लेख आहे. तो काढावा किंवा बदलावा, यावर २०१३ पासून चर्चा होती. २०२१ साली लिंगभाव समतेवरील नागरिक सभेने शिफारस केली: हा मजकूर काढा, आणि त्या जागी घरातील तसेच व्यापक समाजातील देखभालीच्या कामाला आधार देण्यासाठी वाजवी उपाययोजना करण्याचे बंधन राज्यावर घाला. सरकारने सार्वमतासाठी जो मजकूर लिहिला त्यात समाज गळाला, कुटुंबातील व्यक्तींनी एकमेकांची घेतलेली काळजी तेवढी राहिली. आणि बंधनाच्या जागी, राज्य अशा देखभालीला आधार देण्यासाठी झटेल, एवढेच आले. ८ मार्च २०२४ ला, महिलादिनी, जवळजवळ चौऱ्याहत्तर टक्के मतदारांनी तो नाकारला. नाकारणाऱ्यांत जुन्या विचारांचे लोक होते, तसे अपंग व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणारे आप्तही होते. देखभालीचे ओझे कुटुंबावरच ठेवून राज्य मोकळे होते आहे, हा त्यांचा आक्षेप. नागरिकांची शिफारस लोकांपुढे गेलीच नाही. तिच्या नावाने दुसरेच काहीतरी गेले, आणि पडले मात्र तिच्या नावावर.

'झटेल' या क्रियापदाची आपल्यालाही सवय आहे. आपली मार्गदर्शक तत्त्वे आयरिश घटनेवरूनच आली, आणि 'राज्य प्रयत्नशील राहील' ही धाटणी ३८ व्या कलमापासून आपण वाचत आलो आहोत. आयरिश मतदाराने त्या एका क्रियापदाला नकार दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्याच्यापुढे ते क्रियापद आले होते आणि त्यावर मत देण्याची त्याला संधी होती.

आपल्याला ती कधीच नव्हती. आपली घटना सभा प्रांतिक विधिमंडळांनी निवडली होती, आणि ती विधिमंडळे प्रौढांच्या सुमारे चौथ्या हिश्श्याने, मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्यांनी. तरीही सहभाग नव्हता असे म्हणणे चूक ठरेल. मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो आठ महिने लोकांसमोर आहे याचा उल्लेख डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात मुद्दाम केला. त्याहून महत्त्वाची गोष्ट ऑर्निट शानी यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात दाखवली आहे. घटना मंजूर होण्याआधीच प्रौढ मताधिकाराच्या मतदारयाद्या बनू लागल्या होत्या. फाळणीत विस्थापित झालेले लोक यादीत नाव यावे म्हणून अर्ज लिहीत होते आणि त्या अर्जांत अजून मंजूरही न झालेल्या मसुद्याचा आधार घेत होते. त्यांना कोणी हरकती-सूचना विचारल्या नव्हत्या. नाव नोंदवून घेण्याच्या धडपडीत ते घटनेचे वाचक झाले. परिषदा आणि सभांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या नजरेतून सहभागाचा हा प्रकार बहुधा निसटतो, कारण त्याला सभागृह नसते.

नंतरचा प्रवास उलट दिशेचा आहे. ३६८ व्या कलमात मतदार कुठेच नाही. केशवानंद भारती निकालाने १९७३ साली संसदेच्या अधिकाराला मर्यादा घातली ती न्यायालयाच्या हाताने. कायद्यांचे मसुदे तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत, असे केंद्राचे २०१४ चे धोरण आहे. ते बंधनकारक नाही. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाची १०३ वी दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत मांडली गेली, त्याच दिवशी मंजूर झाली, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत झाली, १२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आरक्षण योग्य की अयोग्य हा इथे प्रश्न नाही. प्रजासत्ताकाच्या समतेच्या कलमांत भर घालणारा मजकूर चार दिवसांत पक्का झाला, आणि तेवढ्यात हरकती-सूचनांची जाहिरात द्यायलाही वेळ मिळाला नसता.

मराठी मुलखाशी निगडित असा, लोकांना थेट विचारण्याचा एक प्रसंग घडला तो गोव्यात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोन पर्याय होते: महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश. चिन्हे होती फूल आणि दोन पाने. कौलाआधी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी राजीनामा दिला होता. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक चौतीस हजारांचा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ लेखक-पुढाऱ्यांना हा निकाल लागला, आणि त्यावर दोन्ही भाषांत आजवर भरपूर लिहिले गेले. मात्र त्या मतपत्रिकेचा मसुदा म्हणून विचार फारसा झालेला नाही. कौलाचा कायदा संसदेने १९६६ मध्ये केला आणि पर्याय ठरले ते तिथे. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. गोवा राज्य झाले ते वीस वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी, छप्पन्नाव्या घटनादुरुस्तीने आणि सोबतच्या कायद्याने, संसदेच्या मतदानाने. तेव्हा कौल घेतला गेला नाही.